मानेवाडा रोडवरचा कूलरवाला: पाण्याचं काम पक्कं, वायरीचं तुम्हीच बघा

नागपुरात उन्हाळ्याची तयारी म्हणजे आधी कूलर. गच्चीवर चुना मारा, खिडकीला हिरवी नेट बांधा, नवा माठ आणा, सगळं बरोबर. पण कूलर धड नसला तर मे महिन्यात दुपारी घरात बसवत नाही. आमच्याकडे एका खोलीत एसी आहे, पण सासूबाईंना तो सोसत नाही, गुडघे धरतात म्हणतात. त्यामुळे त्यांच्या पश्चिमेच्या खोलीतला अठरा इंची एक्झॉस्टचा पत्र्याचा कूलर हाच घरातला कर्ता पुरुष.

यंदा त्याची सर्व्हिस मानेवाडा रोडवरच्या एका लहानशा दुकानातून करून घेतली. दुकानाला नाव नाही, शटरवर 'कूलर रिपेअरिंग' एवढंच रंगवलेलं. होळीच्या सुमारास बाहेर उलट्या ठेवलेल्या टाक्यांची रांग दिसली की तेच समजायचं. पन्नाशीचे एक भाऊ आणि त्यांच्या हाताखाली एक पोट्टा, एवढाच कारभार.

गेल्या वर्षी मोबाइलवरून सर्व्हिस बुक केली होती. छापील टीशर्टातला मुलगा आला, आधीचे-नंतरचे फोटो काढले, कूलरच्या बाजूंच्या गवताच्या ताट्या बदलल्या आणि गेला. ताट्या नव्या, बिल नवं, हवा मात्र कोमटच. विचारलं तर म्हणाला, 'मॅडम, टेम्परेचरच जास्त आहे.' आता नागपूरकराला कोणी टेम्परेचर शिकवू नये. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश सोसलेलं हे शहर आहे. (२०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित यंत्रानं ५६ दाखवले होते, तो सेन्सरचा घोटाळा निघाला, पण बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीत कोणालाही फारसं आश्चर्य वाटलं नव्हतं.)

भाऊंनी आल्या आल्या ताट्यांना हातच लावला नाही. टाकीत पाणी भरायला लावलं, पंखा बंद ठेवून नुसता पंप सुरू केला आणि विडी न पेटवता हातात धरून कूलरभोवती फिरत राहिले. मागची ताटी वरपासून खालपर्यंत ओली. डावीकडची बरी. उजवीकडच्या ताटीत मात्र वीतभर रुंदीचा पट्टा कोरडा ठणठणीत.

"काकू, पाहा पाणी कुठून चालून राहिलं. ह्या कोरड्यातून लू सरळ आत येऊन राहिली तुमच्या."

गोम इथेच होती. बाहेरची तापलेली हवा ओल्या ताटीतून आत येताना पाणी सुकवते, त्यात तिची उष्णता खर्च होते आणि ती गार होते. कोरड्या जागी असलं काही होत नाही. उलट तिथून वाट मोकळी, म्हणून हवा तिथूनच जास्त घुसते. बाकीच्या ताट्यांनी गार केलेल्या हवेत ही झळ मिसळली की कूलर आवाज भरपूर करतो आणि घाम तसाच राहतो.

मग पाणी तिकडे का जात नाही याचा शोध सुरू झाला. वरची पन्हाळी काढली तर तिची निम्मी भोकं पांढऱ्या क्षारांनी बुजलेली. आमच्याकडे कूलरला बोअरचं पाणी. नळाचं पाणी त्यात ओतायला जीव होत नाही. पोट्ट्यानं खिळा घेऊन एकेक भोक मोकळं केलं, पंपाची जाळी खरवडली, पाइपच्या तोंडाशी साचलेला खर काढला. तरीही पाणी उजवीकडे येईना. तेव्हा भाऊंनी पाण्याची अर्धी बाटली पन्हाळीवर आडवी ठेवली. बाटलीतलं पाणी डावीकडे कललं. स्टँडचा एक पाय खचला होता. अंगणातला शहाबादी फरशीचा तुकडा त्याखाली सरकवला आणि सगळ्या बाजूंनी पाणी सारखं झिरपायला लागलं. त्या तुकड्याचे पैसे लावले नाहीत, हे नमूद करते.

त्यानंतर ताट्या. लाकडाच्या किसाच्या, आपण ज्याला सरसकट गवत म्हणतो त्या. बाजारच्या तयार ताट्या पाणी पडलं की आठवड्यात खाली बसतात आणि वर चार बोटं फट पडते. भाऊ वरच्या भागात जास्त गवत ठासतात आणि सुतळीनं जाळीला आडवे टाके घालतात. हे काम ते पोट्ट्याला देत नाहीत. महिनाभर चालवून झाला, वर फट पडलेली नाही.

गवताऐवजी हनीकोंब पॅड (मधाच्या पोळ्यासारख्या भोकांचं तयार पॅड) लावू का, असं मीच विचारलं होतं. किंमत चौपट, म्हणजे त्यांचा फायदाच होता. पण त्यांनी आधी टाकीतल्या पाण्याचा पांढरा थर बोटानं दाखवला आणि म्हणाले, "ह्या पाण्यात ते वर्षभरात दगड होऊन जाईन. नळाचं पाणी टाकत असाल तं लावा." गिऱ्हाईकाला महागडी वस्तू नको म्हणणारा दुकानदार मला फार भेटलेला नाही.

टाकीचा तळ खरवडून आतून डांबराचा काळा पेंट दिला, दोन हात. तो वाळेपर्यंत कूलर बंद. 'उद्या येतो' म्हणाले, ते परवा आले. याला नागपुरात उशीर म्हणत नाहीत. पंख्याचा आवाज बुश बदलल्यावर गेला. मोटर शाबूत आहे म्हणून तीही माझ्या गळ्यात मारली नाही. ताट्या, बुश, पेंट आणि मजुरी मिळून साडेनऊशे रुपये झाले.

आता निकाल. परवा बाहेर ४४ अंश होते तेव्हा कूलरच्या तोंडाशी थर्मामीटर धरला, २८ वर स्थिरावला. खोलीत सासूबाईंच्या पलंगापाशी ३१. कोरड्या उन्हात कूलरकडून याहून जास्त मागू नये. समोरची खिडकी मात्र थोडी उघडी ठेवावी लागते, नाहीतर ओलसर हवा खोलीतच कोंडते आणि चिकचिक होते. मृग लागल्यावर हवाच दमट होते, मग कोणत्याही भाऊंचा इलाज चालत नाही.

भाऊंच्या रेटिंगमधला एक स्टार कापलाय तो वायरीसाठी. पत्र्याची बॉडी, पाण्यानं भरलेली टाकी आणि आत फिरणारी वीज, असा हा प्रकार. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात, महावितरण दरवर्षी पत्रकं काढून सांगतं. असं असताना भाऊंनी पंपाच्या वायरीचा जोड नुसती टेप गुंडाळून टाकीच्या काठावर लोंबता ठेवला आणि दोन पिनांचा प्लग तसाच राहू दिला. मी म्हटलं, अर्थिंगचं काय? तर म्हणाले, "काई होत नाई काकू, इतके वर्षं हेच करून राहिलो." मी कामापुरती त्यांची भक्त आहे, जिवापुरती नाही. दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावला. त्यानं जोड काढून टाकून अखंड वायर घातली, तीन पिनांचा प्लग लावला, बॉडीला अर्थिंग दिलं आणि ते खरंच जमिनीपर्यंत पोचतंय का हे तपासलं. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबीही (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारं ब्रेकर) बसवून घेतलं. हे काम कूलरवाल्यावर सोडूच नका. पाणी भरताना स्विच बंद करून प्लगही काढायचा, हा नियम सासूबाईंनी भिंतीवर स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलाय.

दुसरी तक्रार किरकोळ. जुन्या ताट्यांचं कुजकं गवत गच्चीच्या कोपऱ्यात टाकून गेले. ते मी पोत्यात भरून कचरागाडीत दिलं.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करायला त्यांनी सांगितलंय. क्षार साचत नाहीत आणि डेंग्यूच्या डासाला आठवड्याच्या आत अंडी ते डास हा प्रवास पुरा करता येत नाही. नुसतं वरून पाणी घालत राहून उपयोग नाही, अंडी टाकीच्या कडांना चिकटलेली असतात. म्हणून त्यांनी तळाला बूच असलेला नळकांडा बसवून दिला, त्याचे साठ रुपये वेगळे. माझ्या मते सगळ्या बिलातले सर्वांत सार्थकी लागलेले पैसे तेच. टाकी वाकवायला आता कोणाची वाट पाहावी लागत नाही.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत दुकानावर जा, भाऊ फोन उचलत नाहीत. पैसे रोख ठेवा. गुढीपाडव्यापर्यंत घरी येतात. अक्षय्य तृतीयेनंतर गर्दी एवढी असते की कूलर ऑटोत टाकून तुम्हालाच न्यावा लागतो, आणि नवतपा (मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) लागल्यावर गेलात तर पोट्टा दुकानाच्या दारातूनच हात हलवून नाही म्हणतो.