क्यूओ-१०० ऐकताना घसरणारी फ्रिक्वेन्सी: डोंगल आणि एलएनबीचा काही महिन्यांचा अनुभव

आधी मांडणी सांगतो. पुण्यात गच्चीवर जुनी साठ सेंटिमीटरची डीटीएच छत्री, तिच्यावर नवा साधा पीएलएल (क्रिस्टलवर चालणारा) एलएनबी, म्हणजे उपग्रहाची उंच फ्रिक्वेन्सी खाली आणणारा भाग, खाली खोलीत १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग चूक) टीसीएक्सओचा, म्हणजे तापमानाने फारसं न हलणाऱ्या घड्याळाचा, आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीवरचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉपवर एसडीआर कन्सोल हे रिसीव्हरचं सॉफ्टवेअर. ऐकायचाय क्यूओ-१००, म्हणजे २५.९ अंश पूर्वेला स्थिर असलेल्या एस्हेल-२ उपग्रहावरचा हॅम (हौशी रेडिओवाल्यांचा) ट्रान्सपॉन्डर, आलेला सिग्नल परत खाली पाठवणारा. इथून तो पश्चिमेला, जरा दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण ३२ अंशांवर सापडतो. एलएनबीला १२-१३ व्होल्ट लागतात आणि डोंगलमधला बायस-टी (अँटेनाच्या केबलमधूनच वीज चढवणारा जोड) जेमतेम साडेचार देतो, तेव्हा वेगळा बायस-टी आणावाच लागतो.

डोंगलबद्दल तक्रार नाही. पण 'टीसीएक्सओवाला घे, ड्रिफ्ट (फ्रिक्वेन्सीची घसरण) संपेल' हा जो सल्ला सगळीकडे मिळतो, तो या कामासाठी अर्धवट आहे. उपग्रहाचा १०४८९.७५ मेगाहर्ट्झचा बीकन (सतत चालणारा खुणेचा सिग्नल) एलएनबीतून, ९७५० वजा होऊन, ७३९.७५ वर येतो. तिथे डोंगलची १ पीपीएम चूक म्हणजे ७४० हर्ट्झ. एलएनबीत मात्र २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला ३९० ने गुणून ९७५० होतात, आणि तिथली १ पीपीएम म्हणजे पावणेदहा किलोहर्ट्झ! एसएसबीवरचा (हॅमवाल्यांच्या बोलण्याच्या पद्धतीतला) आवाज माणसाचा वाटायला शंभरेक हर्ट्झच्या आत राहावं लागतं. म्हणजे खरा गुन्हेगार वर उन्हात बसलाय.

एप्रिलमध्ये पहाट ते दुपार पंधरा-वीस किलोहर्ट्झची घसरण रोजचीच. ढग आला की काही मिनिटांत बीकन सरकताना वॉटरफॉलवर (फ्रिक्वेन्सीच्या सरकत्या आलेखावर) दिसतो. रात्री उशिरा सगळं बऱ्यापैकी शांत असतं.

आता एक गोष्ट जरा सविस्तर, कारण बरेच जण इथे फसतात. समजा एलएनबी ६० किलोहर्ट्झ चुकतोय. तो फरक सॉफ्टवेअरमधल्या पीपीएमच्या खान्यात ८१ टाकून मिटवता येतो, बीकन बरोबर जागी दिसतो. पण डोंगलचा ट्यूनर आणि एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) एकाच २८.८ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालतात, त्यामुळे पीपीएम बदलला की डोंगलची लायब्ररी सॅम्पल रेटही (सेकंदाला किती आकडे घ्यायचे तो वेग) दुरुस्त करते. वरच्या एलएनबीची चूक अशी खालच्या घड्याळाच्या माथी बसते. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये २९० मिलिसेकंदांची तफावत पडते. बीकन ४०० बिट प्रतिसेकंदाचा आहे, म्हणजे शंभराहून जास्त बिट इकडचे तिकडे. चांगल्या डिकोडरचा टायमिंग लूप हे निभावून नेतो, पण दोन रेकॉर्डिंग शेजारी ठेवून जुळवायला गेलात तर वैताग येईल. पीपीएममध्ये फक्त डोंगलची चूक टाका. एलएनबीची चूक कन्व्हर्टर ऑफसेटमध्ये (एलएनबी किती फ्रिक्वेन्सी वजा करतो ते सांगायचा खाना).

उरलेली घसरण कन्सोलमधल्या बीकन लॉकवर सोडली आहे. तो बीकन धरून ठेवतो आणि बाकीचं सगळं त्याच्या मागे सरकवतो. फुकटात मिळणारी एवढी चांगली दुरुस्ती दुसरी नाही. जीपीएसडीओचा (जीपीएसवरून बरोबर राहणाऱ्या घड्याळाचा) २५ मेगाहर्ट्झ एलएनबीत सोडणं हा शुद्ध मार्ग खरा, पण त्यासाठी क्रिस्टल काढून सोल्डरिंग करावं लागतं. नुसतं ऐकणाऱ्याने एवढा खटाटोप का करावा?

लॉकची एकच अडचण, पाऊस. जोराची सर आली की बीकन गोंगाटात बुडतो, लॉक सुटतो, आणि त्याच वेळी तापलेला एलएनबी झपाट्याने थंड होत असतो. सर ओसरल्यावर बीकन चार-पाच किलोहर्ट्झ बाजूला गेलेला असतो. तेव्हा हाताने त्याच्यापाशी नेऊन पुन्हा लॉक करायचं.