रंगाखाली दडवलेली चीर : सेकंडहँड कार्बन रोडबाईकच्या व्यवहारात माझी झालेली फसवणूक

पुणे-पिंपरीत सध्या जे कोणी पहिली कार्बन रोडबाईक, म्हणजे कार्बन फायबरच्या फ्रेमची वेगवान सायकल, सेकंडहँड शोधत आहेत, त्यांनी टोकन देण्याआधी हे वाचावं. अपघातात तडकलेली कार्बन फ्रेम लांबी (पुट्टी) भरून, वरून झकास रंगवून मला 'एकदम जेन्युइन, नो क्रॅश' म्हणून विकली गेली. माझे सव्वा लाख रुपये गेले, त्याचं दुःख आहेच. पण ती फ्रेम घेऊन मी सिंहगड आणि बोपदेवचे घाट उतरले आहे, आणि विकणाऱ्याला ती आतून तुटलेली आहे हे माहीत होतं. हे मला विसरता येत नाही, आणि दुसऱ्या कोणावर अशी वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी आधी हायब्रिड सायकल चालवायचे. खडकवासला, पानशेत, कधी सिंहगडाचा पायथा. मग २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, करायचं मनात आलं. तिला साडेतेरा तासांची मर्यादा असते आणि जाड टायरच्या सायकलवर समोरचा वारा फार दमवतो. आमच्या सायकलिंग ग्रुपमधल्या बहुतेकांचं एकच म्हणणं होतं, रोडबाईक घे, आणि घेतेच आहेस तर कार्बन घे. नवी कार्बन माझ्या आवाक्याबाहेर होती. तेव्हा ग्रुपमधल्याच एकाने या माणसाचा नंबर दिला.

हा माणूस दुकानदार नाही. घरूनच जुन्या सायकली घेतो, नीटनेटक्या करतो आणि विकतो. बोलायला अतिशय गोड. गिअरचे दात, क्रँकची (पॅडलच्या दांड्याची) लांबी, टायरचं प्रेशर, विचाराल ते तोंडपाठ. मला दाखवलेली सायकल एका नामांकित कंपनीची होती, शिमानो १०५ ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच), गडद निळा मोत्यासारखा रंग. "ताई, हा रंग कंपनीत मिळतच नाही. आधीच्या मालकाने हौसेने कस्टम पेंट करून घेतलाय. नवी साडेतीन लाखांना पडली असती." भाव सांगितला एक लाख चाळीस हजार. किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती. अगदीच स्वस्त सांगितली असती तर कोणीही दचकलं असतं.

मी बिल मागितलं. बिल होतं, आणि ते खरं होतं. जीएसटी क्रमांक पंधरा आकडी-अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने होते, हे मला नोकरीमुळे माहीत होतं. तो क्रमांक मी सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला, दुकान अस्तित्वात होतं. बॉटम ब्रॅकेटखालचा (पॅडलच्या दांड्यांचा अक्ष बसतो त्या जागेखालचा) सिरीयल नंबर बिलावरच्या नंबराशी जुळला. सायकल चोरीची नाही आणि फ्रेम नकली नाही, एवढं नक्की झालं. पण मधल्या काळात त्या फ्रेमवर काय गुदरलं, हे त्या कागदांत कुठून कळणार? आणि याच खऱ्या कागदांच्या आडून त्याने मला गंडवलं.

मग सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, काढण्याबद्दल मी सरळ विचारलं, "दादा, सीटपोस्ट काढून टॉर्चने आत बघता येईल का?"

"ताई, कार्बन पेस्ट लावून टॉर्क रेंचने बसवलंय. आता काढलं तर सगळं सेटिंग जाईल. कार्बनचं उगाच उघडझाक करू नये, कंपनीवालेच सांगतात."

हे धादांत खोटं आहे. सीटपोस्ट काढायला एक अ‍ॅलन की आणि दोन मिनिटं लागतात. उंचीच्या जागी टेपचा तुकडा लावायचा, पोस्ट काढायचा, बघायचं, पुन्हा पेस्टचं बोट फिरवून फ्रेमवर लिहिलेल्या टॉर्कने (आवळायच्या जोराने), बहुतेक वेळा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, आवळायचा. सेटिंग कुठेही जात नाही. जो विकणारा हे करू देत नाही, त्याच्याकडून सायकल घेऊ नका. कारण कितीही शास्त्रोक्त वाटलं तरी.

मापाच्या बाबतीतही तेच. माझी उंची पाच फूट तीन इंच. मला साधारण ४९ किंवा ५१ सेंटीमीटरची फ्रेम लागते. ही ५४ ची होती. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं, "स्टेम छोटा टाकून देतो, सीट पुढे घेतो, झालं." हँडल जवळ आलं, पण फ्रेम मोठीची मोठीच राहिली. सीट पुढे सरकवल्याने गुडघे दुखायला लागले आणि लांबच्या राईडला तळहात बधिर व्हायचे. नव्या माणसाला वाटतं, रोडबाईकवर असंच होत असेल, सवय होईल. पण बरोबर मापाच्या सायकलवर असं होत नाही.

शेवटचा डाव घाईचा. "मुंबईचे एक डॉक्टर आजच टेम्पो पाठवतायत. तुम्ही आपल्या ग्रुपमधल्या, म्हणून आधी तुम्हाला विचारलं." संध्याकाळची वेळ, सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार चकरा, सव्वा लाखावर सौदा. पावतीवर त्याने स्वतःच्या हाताने 'वापरलेली सायकल, आहे त्या स्थितीत' असं लिहिलं. ते शब्द त्याने कशासाठी घातले, ते पुढे कळलं.

सुरुवातीला सगळं छान होतं. मग उभं राहून पॅडल मारताना समोरून कटकट आवाज यायला लागला. त्याला फोन केला तर म्हणाला, हेडसेटमध्ये (हँडलच्या बेअरिंगमध्ये) धूळ गेली असेल, ग्रीस लावा. लावलं, थोडे दिवस थांबलं, पुन्हा सुरू. एकदा सायकल धुताना डाउनट्यूबच्या (हँडलकडून पॅडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) खालच्या अंगाला, हेडट्यूबपासून (हँडलखालच्या उभ्या नळीपासून) चार बोटांवर, रंगात केसाएवढी रेघ दिसली. नखाला लागत होती. फोटो पाठवल्यावर उत्तर आलं, "क्लिअरकोटची आहे ताई, बिनधास्त चालवा." म्हणजे चीर फक्त रंगावरच्या पारदर्शक थराची.

मी ती चालवली नाही. रास्ता पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे टेम्पोत घालून नेली. त्या सकाळी मी जे शिकले ते सायकल घेण्याआधी प्रत्येकाला कळायला हवं.

काकांनी आधी नुसतं बोट फिरवलं. मग एक रुपयाचं नाणं घेऊन टॉपट्यूबवर (वरच्या आडव्या नळीवर) टकटक करत गेले. स्वच्छ, कोरडा आवाज. डाउनट्यूबवर खालून वर येताना रेघेपाशी आवाज एकदम बसला. टक्‌च्या जागी थप्‌. ते म्हणाले, "सांध्याजवळ कार्बन जाड असतं, तिथे आवाज बदलतोच. त्याला घाबरायचं नाही. पण नळीच्या मध्यावर, आणि एकाच बाजूला बदलला, तर आत काहीतरी आहे." मग फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुपदरी भाग, बाहेर काढला. फोर्क त्या कंपनीचा नव्हताच. कुठलातरी बिननावाचा, फ्रेमच्याच रंगात रंगवलेला. सगळी सायकल रंगवण्याचं खरं कारण तिथे समजलं, नुसती डाउनट्यूब आणि परका फोर्क रंगवला असता तर डोळ्यांत आलं असतं.

मोबाईलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा (बारीक वायरच्या टोकावरचा) हल्ली हजाराच्या आत मिळतो. तो त्यांनी हेडट्यूबच्या छिद्रातून आत घातला. नळीची आतली भिंत गुळगुळीत असायला हवी होती. तिथे फाटलेल्या धाग्यांच्या कडा आत वळलेल्या दिसत होत्या. बाहेरून पॉलिश पेपर मारल्यावर निळ्या रंगाखाली करडी लांबी निघाली, गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगला वापरतात तीच. मोटारीवरची लांबी लोहचुंबकाने ओळखता येते. कार्बनवर चुंबक काहीच सांगत नाही, हे फसवणाऱ्यांच्या पथ्यावर पडतं.

कार्बन फ्रेम म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेल्या धाग्यांचे थर, ठरावीक दिशांनी रचून साच्यात पक्के केलेले. सगळा भार धागे वाहतात. धागा तुटला की त्या जागी भार पुढे जायला वाटच राहत नाही. तुटलेल्या दोराची टोकं लांबीने चिकटवून त्याने विहिरीतून घागर ओढावी, तसं हे आहे. लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम पुष्कळदा आधी वाकतं, पोचतं, डोळ्यांना दिसतं. कार्बन बाहेरून साबूत दिसता दिसता एका खड्ड्यावर जाऊ शकतं. आणि डाउनट्यूब हेडट्यूबपाशी तुटली की पुढचं चाक तुमच्या ताब्यात राहत नाही. घाटात, चाळीस-पन्नासच्या वेगात, याचा अर्थ काय ते मी लिहायची गरज नाही.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. तडकलेली कार्बन फ्रेम दुरुस्त होते. खराब भाग उतरता घासून काढायचा, मूळ दिशांनी कार्बनचे थर पुन्हा लावायचे, दाब देऊन पक्के करायचे. जाणकाराने केलेली अशी दुरुस्ती वर्षानुवर्षं टिकते, आणि दुरुस्त आहे हे सांगून, कामाचे फोटो दाखवून, कमी भावात विकलेली सायकल घ्यायला माझी काहीच हरकत नाही. इथे दुरुस्ती झालीच नव्हती. झाला होता फक्त मेकअप.

बिलावरच्या नावावरून मी मूळ मालकाला शोधलं. अतिशय सज्जन माणूस. पुणे-सातारा रस्त्यावर कडेला उभ्या टेम्पोवर त्यांची सायकल आदळली होती, फोर्क मोडला, फ्रेम तडकली. त्यांनी ती 'फक्त पार्टसाठी, फ्रेम वापरू नये' असं लिहूनच याला विकली होती. तो संदेश त्यांच्या मोबाईलमध्ये अजून होता. त्याखाली याचं उत्तर, 'ओके सर'. रंग तर त्यांनी कधी दिलाच नव्हता. त्यांची सायकल काळी होती.

त्यामुळे आता मी प्रत्येकाला सांगते, नुसतं बिल पाहू नका, बिलावरच्या माणसाशी बोला. "सायकल पडली होती का?" एवढा एक प्रश्न विचारा. विकणारा नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा. ताज्या रंगाची कार्बन फ्रेम असेल तर रंगवण्याआधीचे फोटो मागा. हौसेने रंगवणाऱ्याकडे ते असतातच. दिवसाउजेडी बघा, सायकल धुऊन पुसून कोरडी करायला लावा, हेडट्यूबच्या मागची जागा, चेनस्टे (पॅडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) आणि बॉटम ब्रॅकेटचा भाग बोटाने तपासा. शक्य तर पैसे देण्याआधी तुमच्या, त्याच्या नव्हे, मेकॅनिककडे फोर्क काढून घ्या. त्याची मजुरी तुम्ही द्या. काही कंपन्या फ्रेमला आजीवन वॉरंटी देतात खरी, पण ती सहसा पहिल्या खरेदीदारालाच असते. 'वॉरंटी आहे ताई' हे वाक्य सेकंडहँड व्यवहारात बहुतेक वेळा पोकळ असतं.

जुन्या सायकलला शिमानोचा अकरा गिअरचा अल्टेग्रा किंवा ड्युरा-एस या मॉडेलचा क्रँक असेल तर आणखी एक तपासणी करा. जुलै २०१९ आधी बनलेल्या अशा काही क्रँकचे चिकटवलेले भाग सुटत असल्याने कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये ते तपासणीसाठी परत बोलावले. क्रँकच्या मागच्या बाजूला कोड असतो, तो कंपनीच्या यादीशी ताडून बघता येतो.

आणि कार्बनच हवं का, हेही शांतपणे बघा. अ‍ॅल्युमिनियम फ्रेम आणि कार्बन यांत याच किमतीच्या पट्ट्यात फरक असतो साधारण किलोभराचा. चालवणारा आणि सायकल मिळून सत्तर किलोच्या घरात वजन होतं, म्हणजे तासाभराच्या चढात जेमतेम मिनिटभर वाचतं. कार्बन फोर्क असलेली, बरोबर मापाची, नवी कोरी अ‍ॅल्युमिनियम रोडबाईक, स्वतःच्या नावाच्या बिलासह, मी आज डोळे झाकून सुचवेन. २०० ची ब्रेव्हे त्यावर मजेत होते.

पैशांचं सांगायचं तर, मूळ मालकाचा संदेश समोर ठेवल्यावर विकणारा वीस हजार द्यायला तयार झाला, अट एकच की ग्रुपवर काही लिहायचं नाही. मी नकार दिला. पोलिसांत अर्ज दिला आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं ३१८ वं कलम आहे, आधी जे ४२० होतं ते. ग्राहक आयोगातही गेले आहे. तिथे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवरही मार्गदर्शन मिळतं. स्वतःची वापरलेली सायकल एकदाच विकणारा माणूस ग्राहक कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाही, म्हणून 'ही माझी खासगी विक्री' असा त्याचा बचाव आहे. त्याच्या जुन्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट, त्याच्याकडून सायकली घेतलेल्यांची निवेदनं मी जोडली आहेत. तो हा धंदा नियमित करतो हे त्यावरून दिसतं. 'आहे त्या स्थितीत' लिहिलं म्हणून, माहीत असलेला धोका लपवण्याची मोकळीक मिळत नाही, असं माझ्या वकीलताईंचं म्हणणं आहे. आयोग काय ठरवतो ते बघायचं.

फ्रेम पुरावा म्हणून माझ्याकडेच आहे. निकाल लागला की ती करवतीने दोन तुकडे करून घेणार आहे, म्हणजे कोणी पुन्हा रंगवायला नको. तोवर ज्यांनी गेल्या काही वर्षांत पुण्यात कोणाकडून 'कस्टम पेंट' केलेली कार्बन सायकल घेतली आहे, त्यांनी ती या रविवारच्या राईडला नेण्याआधी फोर्क काढून आत बघून घ्या. रास्ता पेठेतल्या काकांनी अशा सायकली फक्त बघून द्यायचे पैसे घेणार नाही असं सांगितलंय.