आर१५ चे ब्रेक: ट्रॅकचा एक हंगाम आणि गोव्याचा एक पावसाळा

गाडी यामाहा आर१५ व्ही३, २०१८ची, म्हणजे एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) येण्याआधीची. पुढे २८२ मिलिमीटरची एकच डिस्क. गेल्या वर्षीच्या चवथीनंतर पुढच्या ब्रेकमध्ये तीन बदल केले: सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून-तापवून केलेले) पॅड, स्टीलच्या जाळीचा पाइप आणि रेसिंगचं ब्रेक ऑइल. तेव्हापासून गाडी कोईम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर पळाली. मधले पावसाचे महिने तिने डिचोलीत आमच्या पडवीत काढले. पैसे कशावर घालू असं कुणी विचारलं तर मी सांगतो, आधी ऑइल, मग पॅड, पाइप सगळ्यात शेवटी. दुकानात नेमका उलटा क्रम ऐकायला मिळतो, कारण पाइप चारचौघांना दिसतो.

मूळ ब्रेक वाईट आहेत असं अजिबात नाही. चोर्ला घाट उतरताना, म्हापसा-पणजी रोज जाता-येताना त्यांनी कधी दगा दिला नाही. ट्रॅकवर प्रश्न उष्णतेचा असतो. करीचा ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा, वळणं एकामागून एक, डिस्कला गार व्हायला उसंतच मिळत नाही. सेशनच्या, म्हणजे ट्रॅकवर सलग पळायच्या वेळेच्या, शेवटाकडे लिव्हर हळूहळू हँडलच्या जवळ यायला लागायचा आणि मी प्रत्येक वळणाला थोडं आधी ब्रेक धरायला लागायचो. लॅप टाइमचं काय होतं ते सांगायला नको.

इथे एक निदान पक्कं करून घ्यायला हवं, नाहीतर भलत्याच वस्तूवर खर्च होतो. लिव्हर कडक लागतोय पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून गेलेत. लिव्हर मऊ होऊन आत जातोय, दोनदा पंप केल्यावर जरा सावरतोय, तर ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून बोटांचा जोर कॅलिपरपर्यंत, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापर्यंत, पोचतच नाही. माझ्याकडे हा दुसरा प्रकार होता. अशा वेळी नुसते महागडे पॅड घालून काहीही झालं नसतं.

साध्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रमाणित दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो आणि ओला असताना किमान १५५. ओला म्हणजे साधारण ३.७ टक्के पाणी शोषलेला. हे ऑइल हवेतली वाफ ओढून घेतं. रबरी पाइपातून, सीलमधून, टाकीच्या झाकणातून ती आत शिरतच राहते. यामाहाच्या मॅन्युअलमध्ये ऑइल दर दोन वर्षांनी बदला असं आहे. आता आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय हवा असते ते गोव्यातल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही. कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी येते तिथे ब्रेकची टाकी कोरडी राहील कशी?

मी मोटुल आरबीएफ ६०० वापरतो. त्याचा कोरडा आकडा ३१२ अंश, ओला २०५. लोक बाटलीवरचा ३१२ बघून खूश होतात. मला त्यातला २०५ महत्त्वाचा वाटतो, कारण इथल्या हवेत काही महिन्यांनी गाडी त्याच आकड्याच्या दिशेने सरकत असते. जुनं, पाणी प्यायलेलं रेसिंग ऑइलसुद्धा ताज्या डॉट ४पेक्षा आधी उकळू शकतं, हे २०५ आणि २३० शेजारी ठेवले की कळतं. म्हणून ट्रॅकला जाण्याआधी ऑइल बदलायचंच, आणि पाऊस संपल्यावर पुन्हा एकदा, मग ट्रॅकचा बेत असो वा नसो. उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी जपून ठेवण्यात अर्थ नाही. अर्धा लिटरची बाटली असते, एका गाडीच्या पुढच्या ब्रेकला तेवढं लागत नाही. आम्ही दोघं-तिघं मित्र एकाच रविवारी गाड्या घेऊन बसतो आणि बाटली संपवूनच उठतो. डॉट ५ मात्र चुकूनही यात ओतू नका. ते सिलिकॉनचं असतं, याच्यात मिसळत नाही. डॉट ५.१ ही वेगळी गोष्ट, ते याच घराण्यातलं.

ब्रेकच्या पाइपात अडकलेली हवा (एअर) काढायला आठ नंबरचा रिंग पाना, पारदर्शक नळी आणि धीर, इतकंच लागतं. शेवटचे बारीक बुडबुडे हट्टी असतात. रात्री लिव्हर हँडलला पट्ट्याने आवळून ठेवला की ते वर टाकीकडे सरकतात आणि सकाळी लिव्हर स्पष्ट कडक लागतो. पेट्रोलच्या टाकीवर ओली फडकी गुंडाळून ठेवा. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पुसत बसलात तर रंगच उचलून येतो.

पॅड एचएच दर्जाचे आहेत. पहिलं अक्षर गार असतानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. एच म्हणजे घर्षणांक ०.५५ पेक्षा जास्त. मूळ पॅडपेक्षा चावा ताबडतोब येतो, आणि भर पावसातही फारसा कमी होत नाही, हे मला ट्रॅकपेक्षा बाणस्तारीच्या रस्त्यावर जास्त उपयोगी पडलं. निव्वळ रेसचे पॅड मी मुद्दाम घेतले नाहीत. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत आणि माझी गाडी वर्षातले बहुतेक दिवस रस्त्यावरच असते. तोटे दोन: डिस्क जरा लवकर झिजते, आणि काळी भुकटी चाकभर बसते. पॅड बसवल्यावर पहिलं सेशन हळूहळू जोर वाढवत घालवा. पिटमध्ये आल्यावर तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभे राहू नका, पॅडचा थर तिथेच चिकटतो आणि पुढे लिव्हर थरथरतो. आणि पॅड अगदी शेवटपर्यंत झिजवू नका. पातळ पॅडमधून उष्णता थेट पिस्टनकडे आणि तिथून ऑइलकडे जाते. ट्रॅकसाठी मी दोन मिलिमीटर उरले की बदलतो.

स्टीलच्या पाइपाबद्दल माझी थोडी निराशा झाली. लिव्हर आवळला जाण्याचं अंतर कमी झालं, दाब नेमका कळतो, हे खरं. पण मॅन्युअलप्रमाणे रबरी पाइपसुद्धा दर चार वर्षांनी बदलायचा असतो आणि माझा कारखान्यातून आलेला तसाच होता. म्हापशाचा मेस्त तेव्हाच म्हणाला होता, ‘बाब, नवा रबरी घातलास तरी अर्धा फरक तुला तिथंच मिळेल.’ मला त्याचं म्हणणं पटलंय. घ्यायचाच असेल तर जाळीवर प्लास्टिकचं आवरण असलेला घ्या, नाहीतर ती शेजारच्या फेअरिंगचा (गाडीच्या बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणाचा) रंग कानसते आणि खारी माती धरून ठेवते. बोल्टचे तांब्याचे वायसर दरवेळी नवे. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि पुढचं चाक अधांतरी ठेवून पाइप कुठे ताणला जात नाही ना ते बघा. माझ्या पाइपाच्या बोल्टवर पावसाळ्यानंतर तांबूस डाग आले. अजून वरवरचे आहेत.

पावसाळ्याने खरी परीक्षा घेतली ती कॅलिपरची. आमच्या भागातली तांबडी माती बारीक पिठासारखी सगळीकडे शिरते आणि ओली झाली की बसते. सप्टेंबरात उघडलं तेव्हा सरकपिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) अडकायला लागली होती आणि पिस्टनच्या बाजूचा पॅड दुसऱ्यापेक्षा जास्त झिजला होता. कॅलिपर पिनवर सरकत नसेल तर पिस्टनच्या बाजूचा पॅडच सगळं काम करतो, त्यामुळे झिजेतला हा फरक दिसला की आधी पिन बघायची. पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस रबर फुगवतं. पिस्टन मागे ढकलण्याआधी टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याने त्यांच्या कडा घासल्या, नाहीतर ती माती थेट सीलमध्ये जाते. एवढं केल्यावर जो फरक पडला तो पाइपापेक्षा नक्कीच जास्त होता, खर्च मात्र ग्रीसच्या एका पुडीचा. आता हे काम वर्षातून दोनदा.

रेडियल मास्टर सिलिंडर (लिव्हरपाशी बसणारा, ऑइलवर दाब देणारा पंप) घालावा असा आग्रह बऱ्याच जणांनी केला. १९ मिलिमीटर बोअरचे (आतल्या व्यासाचे) जे सर्रास बसवले जातात ते पुढे दोन डिस्क असलेल्या मोठ्या गाड्यांसाठीचे. एका छोट्या कॅलिपरला तो लावला की लिव्हर लाकडासारखा कडक होतो आणि तेवढ्याच ब्रेकसाठी बोटांना जास्त जोर लावावा लागतो. शिवाय या वस्तूंत नकली माल इतका आहे की स्वस्तात मिळाला तर हात लावायची माझी हिंमत नाही.

मागचा ब्रेक जसा होता तसाच आहे, ऑइल तेवढं बदललं. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. परवा मोजली, अजून थोडी शिल्लक आहे. फेब्रुवारीत करीला जाण्याआधी पुन्हा मोजणार आणि कमी भरली तर यामाहाचीच घेणार, नक्षीदार कडांची नाही.