दुकानाची नोंद वहीत ठेवावी की मोबाइलमध्ये?

माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याची तार नव्याने गुंडाळायचं, दुकान चिपळूणला. भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होतीच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी तिच्याही वर गेलं. हल्ली ओळखीचे कारागीर विचारतात, विम्यासाठी मालाची नोंद वहीत ठेवू की सगळ्याचे फोटो काढून ठेवू? दोन्ही करून बघितलंय, म्हणून लिहितो.

मोबाइलची बाजू आधी. त्या पुरात बिलांची फाइल लोखंडी कपाटाच्या तळाच्या कप्प्यात होती, तिचा लगदा झाला. फोन खिशात होता, तो वाचला. पाणी ओसरल्यावर झाडू हातात घेण्याआधी मी भिंतीवरची चिखलाची रेघ, आडवं पडलेलं ड्रिल मशीन, फुगलेले इन्सुलेशन पेपर, सगळ्याचा व्हिडिओ केला. नुकसान दाखवायला फोनला तोड नाही.

पण नुकसान तपासायला विम्याचे सर्व्हेअर आले आणि पहिलाच प्रश्न आला: हे वाइंडिंग मशीन कधी घेतलं, केवढ्याला? फोटोत मशीन होतं, नेमप्लेट नव्हती. तिचा वेगळा फोटो कुठेतरी होता. बारशाचे, लग्नांचे, रोज सकाळच्या सुप्रभातचे हजारो फोटो वरखाली करत मी त्यांच्यासमोर उभा. वीज नाही, बॅटरी संपत आलेली. ते बिचारे शांतपणे थांबले, पण माल खरा असूनही मला खोटं पडल्यासारखं वाटत होतं. सहा-सात वस्तूंचा पुरावा शेवटी सापडलाच नाही, त्या क्लेममधून गेल्या. तो अर्धा तास मी अजून विसरलेलो नाही.

दुरुस्तीला आलेले शेतकऱ्यांचे पंप हे आणखी वेगळं दुखणं. ते आपल्या मालकीचे नसतात. दुसऱ्याचा, आपल्या ताब्यातला माल म्हणून पॉलिसीत वेगळं लिहून घेतलं नसेल तर त्यांची भरपाई मिळत नाही. लिहून घेतलं तरी पंप कोणाचा, किती एचपीचा, कधी आला हे दाखवावं लागतं. फोटोत नुसते दहा पंप दिसतात. वहीत दहा नावं आणि दहा सह्या असतात.

आता माझी पद्धत अशी. खंडेनवमीला मशीनं घासूनपुसून पूजेला मांडतो, तेव्हा प्रत्येक नेमप्लेट नीट वाचता येते. त्याच दिवशी सिरियल नंबर, खरेदीची तारीख, किंमत आणि बिल नंबर लिहितो. तांब्याची तार महिनाअखेरीला वजन करून, गेजप्रमाणे, म्हणजे तारेच्या जाडीप्रमाणे. बिलांच्या झेरॉक्स लगेच काढतो, कारण थर्मल कागदावरची अक्षरं उडून जातात.

तांब्याच्या वजनाचं कारण आहे. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत (एका जागेवरच्या ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी) विम्याची रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर चालवून घेतात. त्याहून कमी पडली की भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. तांब्याचा भाव चढला की वर्षापूर्वीचा आकडा अपुरा पडतो. वहीत महिन्याचं वजन असलं की ते वेळीच कळतं आणि रक्कम वाढवून घेता येते. फोटोतलं रीळ भाव काहीही असला तरी तेवढंच दिसतं.

वहीचा दोष उघड आहे. पाण्यात जाते, आगीतही जाते. आमच्याकडे वॉर्निश, थिनर आणि शेजारीच वॉर्निश सुकवायचा ओव्हन. कपाट लोखंडी असलं म्हणून आतला कागद वाचेल असं नाही. त्यामुळे दुसरी प्रत बहिणीकडे असते, तिचं घर उंचावर आहे. महिन्यातून एकदा जाणं होतंच, तेव्हा नवी पानं देऊन येतो.

घरात कोणी फोटोंना नावं देऊन, फोल्डर करून ड्राइव्हवर ठेवणारं असेल, तर कदाचित तुमचं मोबाइलवरही भागेल. आमच्या शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्यांचं तसं छान चाललंय. मी मात्र यंदाही आधी वही लिहिणार आणि मग तिच्या पानांचे फोटो काढणार.