मरीनी सुलतानशाहीचा वर्ग, धरमपेठ: चढण झकास, उतार घाईत

चार शनिवार, संध्याकाळी दीड-दीड तास, विषय एकच: मोरोक्कोची मरीनी सुलतानशाही. धरमपेठेतला हा वर्ग इतिहासाची पदवी नसलेल्यांसाठी आहे, आणि पहिल्या तीन शनिवारांत पैसे वसूल होतात.

सुरुवात नेमक्या जागी होते. 1212 मध्ये स्पेनमधल्या लास नावास दे तोलोसाच्या लढाईत, तेव्हा मोरोक्कोवर राज्य करणाऱ्या अल्मोहाद घराण्याची मोड झाली, त्यांचा वचक ओसरला, आणि झनाता बर्बर टोळ्यांपैकी हे मरीनी मेंढपाळ सहाराच्या कडेने उत्तरेला सरकले. 1248 ला फेझ, 1269 ला मराकेश. अल्मोहादांसारखी धर्मसुधारणेची हाक यांच्याकडे नव्हती, नुसत्या तलवारीवर गादी टिकत नाही. मग मदरसे बांधून उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, जवळ केलं. हा मुद्दा चित्रांसकट येतो: फेझच्या अत्तारीन मदरशाची (1323 ते 25) एकच भिंत पडद्यावर मोठी करून खाली रंगीत फरशांचे तुकडे, वर कोरीव गिलावा, त्याच्याही वर देवदाराचं लाकूड, असे तीन थर बोट ठेवून दाखवतात. विद्यार्थ्यांचा खर्च वक्फ केलेल्या दुकानांच्या भाड्यातून कसा निघायचा, तेही सांगतात.

तिसरा शनिवार मरीनी सुलतान अबुल हसनचा, आणि तोच सगळ्यात रंगतो. 1337 ला आजच्या अल्जेरियातलं तलेमसेन घेतलं, 1340 ला रिओ सालादोला स्पेनमध्ये मार खाल्ला, तरी 1347 ला ट्युनिस गाठलं. तिथल्या अरब टोळ्यांच्या वसुलीच्या हक्कांना हात घातला आणि 1348 ला कैरवानजवळ त्यांनीच धूळ चारली. त्यात प्लेग. बाप मेल्याची आवई उठली, तशी मुलानं, अबू इनाननं, गादी बळकावली. अबुल हसन 1351 मध्ये ॲटलासच्या डोंगरात वारला. आपला महंमद तुघलकही त्याच वर्षी गेला; दोघांनाही झेपेल त्याहून लांब हात पसरायची खोड. तुघलकाच्या पदरी राहिलेला मोरोक्कन प्रवासी इब्न बतूता पुढे अबू इनानच्या हुकुमावरून आपला प्रवास लिहवून घेतो, हा दुवा मात्र वर्गात निसटला. नागपूरकर श्रोत्यांना तोच आधी द्यायला हवा होता.

टिपणांच्या झेरॉक्समध्ये एक ढोबळ चूक आहे. हिजरी सनात सरळ 622 मिळवून इसवी सन काढलेत. हिजरी वर्ष चांद्र, म्हणजे सुमारे 11 दिवसांनी आखूड. म्हणून सनाला आधी 0.97 नं गुणायचं, मग 622 मिळवायचे. रिओ सालादो हिजरी 741: गुणाकार 718.8, बेरीज 1340.8. बरोबर. टिपणात 1363 छापलंय, म्हणजे सुलतान मेल्यावर बारा वर्षांनी लढाईला उभा!

चौथा शनिवार पडतीचा, आणि तिथेच वर्ग गडगडतो. 1358 ला वजिरानं अबू इनानचा गळा दाबला, तिथून 1465 पर्यंतची 107 वर्षं जेमतेम अर्ध्या तासात उरकली. मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउटा बंदर 1415 ला पोर्तुगिजांनी घेतलं एवढ्यावर सगळं खापर फोडलं. खरं दुखणं घरातलं. वजीर कोवळी पोरं गादीवर बसवायचे. 1420 नंतर तर तान्ह्या अब्दुल हकच्या नावानं वत्तासी घराणं कारभार पाहत होतं. साताऱ्याची गादी आणि पुण्याचा कारभार माहीत असलेल्याला हे दोन वाक्यांत पटलं असतं. अब्दुल हकनं 1459 ला वत्तासींची कत्तल केली, 1465 ला फेझच्या बंडात तोच मारला गेला, आणि 1472 ला वाचलेले वत्तासी फेझमध्ये परतले. हे शेवटचं वळण तर वर्गात आलंच नाही.

जाणार असाल तर पश्चिम भूमध्य समुद्राचा कोरा नकाशा सोबत न्या, तिथे मिळत नाही. आणि कूलरपासून चार रांगा दूर बसा. त्या घरघरीत सहाराच्या कडेचं सिजिलमासा आणि तलेमसेन सारखंच ऐकू येतं.