म्हापशातली रिपीटर बॅच : एका झेरॉक्सवाल्या बापाचा अभिप्राय

नीट, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, परत देणाऱ्या मुलांसाठी गोव्यात म्हापशाला एक क्लास आहे, त्याचा हा अभिप्राय. क्लासचं नाव का लिहीत नाही, ते आधी सांगतो. डिचोलीत माझं झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान आहे आणि या क्लासचे फ्लेक्स मीच छापतो. गिऱ्हाईक तुटायला नको. शिवाय यातलं बरंचसं कुठल्याही क्लासला लागू पडेल.

आमची बाय, म्हणजे माझी मुलगी, २०२४ साली पहिल्यांदा नीटला बसली. ५ मे रोजी पेपर झाला. निकाल १४ जूनला म्हणून आम्ही निवांत होतो, तो ४ जूनलाच लागला, लोकसभेची मतमोजणी चालू असताना. दुकानातल्या टीव्हीवर जागांचे आकडे आणि मोबाइलवर हिचे. ७२० पैकी ५११. घरात पहिले दहा मिनिटं आनंदच. मग क्रमांक बघितला. त्या वर्षी ७२० पैकी ७२० घेणारेच ६७ निघाले होते, तिथे आमच्या ५११ ला कोण विचारतो? बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, लांब राहिलं.

पुढचे दोन महिने कुणालाच काही कळत नव्हतं. १५६३ मुलांचे ग्रेस मार्क रद्द झाले, त्यांच्यासाठी २३ जूनला फेरपरीक्षा झाली, सगळी परीक्षाच रद्द करा म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणजे परत बसायचं की नाही हे आम्ही ठरवायच्या आधी न्यायालयच सगळ्यांना परत बसवेल की काय, अशी अवस्था. माझी बायको म्हणत होती, शिरोड्याला आयुर्वेदाला घाला, मुलगी डोळ्यांसमोर राहील. माझी आई म्हणत होती, बीएस्सी कर आणि बँकेची परीक्षा दे. बाय काहीच म्हणत नव्हती, नुसती दुकानात येऊन लॅमिनेशन करत बसायची.

आणि त्याच वेळी क्लासच्या ऑफिसातून रोज फोन. १५ जुलैपर्यंत प्रवेश घेतला तर दहा टक्के सूट, मोजक्याच जागा उरल्यात. मी म्हटलं, न्यायालयाचं होऊ दे. २३ जुलैला न्यायालयाने परीक्षा रद्द करायला नकार दिला, मग दोन दिवसांनी आम्ही म्हापशाला गेलो. सूट संपून दहा दिवस झाले होते. ती ‘खास तुमच्यासाठी’ परत मिळाली. ८५ हजारांचे ७६,५०० झाले, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ९०,२७०. मोजक्या जागाही तेवढ्याच मोजक्या होत्या.

पण पैसे भरायच्या आधी एक गोष्ट घडली आणि हा अभिप्राय मी मुख्यतः त्यासाठी लिहितोय. तिथले केमिस्ट्रीचे सर पॅसेजमध्ये भेटले. म्हणाले, "ओएमआर आणलाय? गोल काळे केलेली उत्तरपत्रिका? नाही? मग उद्या या, तो घेऊन या. त्याशिवाय फी भरू नका." ऑफिसातल्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी ओएमआरची प्रिंट, प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची घेऊन गेलो. सरांनी बायला समोर बसवलं आणि पेन्सिल घेऊन एकेक चूक काढली. बरोबर १३६, चुकलेले ३३. प्रत्येक चुकीला एकच प्रश्न: "हे तुला येत होतं का? खरं सांग, बाबांकडे बघू नकोस." मी बाहेर जाऊन चहा पिऊन आलो तरी ते चाललंच होतं. शेवटी ३३ मधले १४ निघाले येत असलेले. कुठे ‘अयोग्य विधान निवडा’ हे न वाचताच गोल काळा केलेला, कुठे शेवटच्या वीस मिनिटांत उरकलेलं. उरलेल्या १९ पैकी १३ फिजिक्सचे.

सरांनी कागदावर मांडलं. चुकीचा एक गुण कापला जातो आणि बरोबरचे चार मिळायचे राहतात, म्हणजे एक चूक सुधारली की पाच गुण. १४ गुणिले ५, सत्तर. "हे सत्तर गुण क्लास लावून मिळत नाहीत, घड्याळ लावून पेपर सोडवून मिळतात. फिजिक्सला मात्र शिकवणारा पाहिजे. आता तू सांग."

मग त्यांनी तिला विचारलं, पुढच्या वर्षीही असंच झालं तर काय करशील? ती म्हणाली, शिरोड्याला जाईन. "मग आजच का नको?" बाय बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आज गेले तर ते चौदा प्रश्न मला रोज दिसतील. ते सोडवून मग जायचं तर जाईन."

दोन महिने घरात जे झालं नाही ते त्या टेबलावर तासाभरात झालं. या तासाला क्लासने एक पैसा घेतला नाही. घेतला असता तर मी दिला असता. तुमच्या मुलाला परत बसवायचं की नाही या विचारात असाल तर कुठल्याही क्लासच्या ऑफिसात जायच्या आधी असा एखादा शिक्षक गाठा, तो हायर सेकंडरीचा असला तरी चालेल. नीटला कितीही वेळा बसता येतं, वयाची वरची अटही २०२२ मध्ये काढून टाकली आहे, त्यामुळे ‘बसता येईल का’ हा प्रश्नच नाही. म्हणून तर ठरवणं जास्त कठीण.

आता क्लासबद्दल. सर म्हणाले होते फक्त फिजिक्स लावा, पण ऑफिसात एकेक विषय विकत नाहीत. घ्यायचं तर सगळं घ्या. आम्ही घेतलं.

छापील मॉड्यूल मिळाली बावीस. इथे मी जरा अधिकाराने बोलतो. ७० जीएसएमचा, म्हणजे पातळ कागद, मागचं अक्षर पुढे दिसतं. परफेक्ट बाइंडिंग म्हणून जे केलंय त्यात परफेक्ट काही नाही, पाऊस सुरू असताना बसमधून नेली की पानं गळतात. दिवाळीपर्यंत मी नऊ मॉड्यूल स्पायरल करून दिली. मुखपृष्ठावर क्लासच्या नावाचा स्टिकर होता. तो सोलून बघितला (सवय आहे), तर खाली भलत्याच शहरातल्या भलत्याच क्लासचं नाव. माल चोरीचा असेल असं म्हणत नाही, विकत घेतला असेल. पण ‘आमच्या तज्ज्ञांनी तयार केलेलं साहित्य’ हा मजकूर मीच त्यांच्या फ्लेक्सवर छापला होता.

डिचोलीहून म्हापसा म्हणजे अस्नोड्यावरून खाजगी बस. एरवी ठीक, शुक्रवारी म्हापशाचा बाजार, त्या दिवशी मिरच्यांच्या पोत्यांमधून उभं राहून जायचं, कंडक्टर "फुडें वच, फुडें वच" ओरडत असतो आणि पुढे जायला जागाच नसते. चवथीला सुट्टी किती, तर दोन दिवस! क्लास चालवणारे गोव्याबाहेरचे, त्यांना वाटलं गणपती म्हणजे दीड दिवस आणि एक प्रवासाचा. सगळ्या पालकांनी फोन केल्यावर पाच झाली.

फिजिक्सचे सर खरंच चांगले होते. दिवाळीनंतर ते दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या क्लासमध्ये गेले आणि त्यांच्या जागी प्रोजेक्टरवर व्हिडिओ आले. तेरा चुका ज्या विषयात, ज्यासाठी ९० हजार मोजले, तोच विषय भिंतीवर. मी पैसे परत मागायला गेलो. ऑफिसातल्या बाईंनी पावती उलटी करून दाखवली: एकदा भरलेली फी परत मिळणार नाही.

दुकानात बसून मी शोधलं. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात दहा दिवसांत परत करायची, असं त्यात लिहिलंय. ती राज्यांनी लागू करायची आहेत, म्हणजे हातात दंडुका नाही, पण दाखवायला कागद आहे. मी प्रिंट काढून, ते वाक्य पिवळं करून घेऊन गेलो. पहिल्या खेपेला मालक नव्हते. दुसऱ्या खेपेला मीटिंग होती. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्याकडे थकलेल्या फ्लेक्सच्या बिलाचा विषय सहज काढला आणि १५ हजार मिळाले. बाकीच्या पालकांकडे थकलेलं बिल नव्हतं, त्यांना काही मिळालं नाही. हे काही बरोबर नाही, पण झालं असं.

डिसेंबरपासून बाय फक्त टेस्टना जायची. फिजिक्स घरी: एनसीईआरटीचं पुस्तक आणि जुने पेपर, दुकानातला कागद फुकट. टेस्ट मात्र मी म्हणेन उत्तम. रविवारी दुपारी बरोबर दोनला, म्हणजे नीटच्याच वेळेला. गोव्यात रविवारी दुपारी दोनला कुत्रंसुद्धा जागं नसतं, बसही नाही, मी स्कूटरवर सोडायचो. दीडला दार बंद, पाच मिनिटं उशीर झाला तरी परत घरी. खरा ओएमआर, काळा पेन. टेस्ट झाल्यावर केमिस्ट्रीचे सर थांबायचे आणि ज्यांना हवं त्यांच्या चुका ‘येत होतं’ आणि ‘येत नव्हतं’ अशा दोन ढिगांत घालून द्यायचे. बायचा पहिला ढीग चौदावरून फेब्रुवारीत चारवर आला.

एक घोळ इथेही झाला. जानेवारी २०२५ च्या शेवटी नीट घेणाऱ्या एनटीएने जाहीर केलं की ऐच्छिक प्रश्न बंद, वाढीव वीस मिनिटं बंद. आता १८० प्रश्न, १८० मिनिटं, सगळे अनिवार्य. क्लासने मात्र पुढचे पाच रविवार जुन्याच पद्धतीचे पेपर दिले. कारण मला न विचारताच कळलं: छापून ठेवलेला गठ्ठा संपवायचा होता. मीही जुन्या वर्षाची कॅलेंडरं मागच्या कोऱ्या बाजूने खपवतो, पण ती वहीला कव्हर घालायला.

परीक्षा ४ मे २०२५ ला होती. त्याआधी शुक्रवारी, २ तारखेला, शिरगावची लईराईची जत्रा. माझा धाकटा भाऊ धोंड आहे, म्हणजे हातात वेत घेऊन जत्रेला जाणारा देवीचा भक्त. डिचोलीत त्या रात्री कोण घरी झोपतं? बायला आम्ही झोपवलं, बाकी सगळे जागे. पहाटे चेंगराचेंगरी झाल्याचे फोन सुरू झाले. भावाचा फोन लागेना. बाय उठली ती परत झोपलीच नाही. साडेसातला तो चालत घरी आला, हातात वेत नव्हता, बोलत नव्हता. त्या पहाटे गेलेली माणसं आमच्याच आसपासच्या गावांची.

आठ वाजता केमिस्ट्रीच्या सरांचा फोन आला. डिचोलीकडच्या त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते फोन करत होते. घरचे सगळे सुखरूप का, एवढंच विचारलं. मग बायला म्हणाले, आज पुस्तक उघडू नकोस, काकाजवळ बस. ती बसली. या फोनला किती तारे द्यायचे ते मला समजत नाही.

पेपरात फिजिक्स इतकं कठीण आलं की केंद्राबाहेर मुलं रडत होती. बाय रडली नाही, भूक लागली म्हणाली. निकाल १४ जूनला: ४६३. शेजारची काकी हळहळली, "वर्ष घालवून गुण कमी झाले रे बाबा." क्रमांक मात्र बराच वर गेला होता, कारण त्या वर्षी देशात पहिला आलेल्यालाच ६८६ होते. हे काकीला समजावताना मला दोन कप चहा लागला. मी ओएमआर मोजला. १२२ बरोबर, २५ चूक, ३३ सोडलेले. आदल्या वर्षी ३३ चुका होत्या, या वर्षी ३३ प्रश्न तिने हात न लावता सोडले. येत नाही ते ओळखायला शिकली. ‘येत होतं’ प्रकारच्या चुका तीन.

तिला शेवटी कुठे प्रवेश मिळाला ते इथे लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा त्यावरूनच क्लास चांगला की वाईट ते ठरवतो, मग वरचं सगळं वाया.

तारेच द्यायचे तर पाचपैकी तीन. त्यातले दोन एका माणसाचे आहेत, तो माणूस तिथून गेला तर वजा करा.

जूनच्या शेवटी क्लासचा मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला. यशवंतांचा फ्लेक्स, आठ बाय चार. बायचा फोटो हवा होता. मी सांगितलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियम काढलेत, निवड झाल्यावर लेखी संमती घेतल्याशिवाय फोटो लावता येत नाही, आणि मुलाने कुठला कोर्स केला तेही लिहावं लागतं. बायच्या फोटोखाली ‘डिसेंबरपासून फक्त टेस्ट सिरीज’ लिहिणार असाल तर संमती देतो. त्याने मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, राहू दे.

फ्लेक्स बायनेच कॉम्प्युटरवर लावला, फोटो कापून गोल केले. दुसऱ्या ओळीतल्या एका मुलाशी येऊन थांबली. "बाबा, हा आमच्या बॅचला कधीच नव्हता." मी बघितलं. चार दिवसांपूर्वी दुसऱ्या क्लासच्या फ्लेक्सवर मी त्यालाच छापला होता, त्याच शर्टात.