हॉर्नबीची जुनी डिक्शनरी, फाउंटनच्या फुटपाथवरून, 250 रुपये

गेल्या जूनमध्ये हुतात्मा चौकातून चर्चगेटकडे जाताना फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे ही दिसली. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी, ए. एस. हॉर्नबी यांची, 1974 सालची तिसरी आवृत्ती. 400 म्हणाला, 250 ला दिली. शिवण सैल झालेली, कडा पिवळ्या. पैसे देण्याआधी त्याने स्वतःच सांगितलं, "ताई, एम अक्षर बघून घ्या, दोन पानं गेलेली आहेत." पाऊस भुरभुरत होता, म्हणून न मागता दोन पिशव्यांत गुंडाळून दिली. अशा माणसाकडून पुस्तक घेताना बरं वाटतं.

मी फोर्टात एका क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे बोटीने आलेला माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्याकडे, 22 वर्षं काम करते. बिल ऑफ एंट्री, डिलिव्हरी ऑर्डर असले कागद, कंटेनर उशिरा परत केल्याच्या आकाराचे (डिटेन्शनचे) वाद, आणि शिपिंग लाइनला दिवसाला पंधरा-वीस मेल. शाळा मराठी माध्यमाची, लालबागची. मागच्या वर्षी माझा एक मेल मीटिंगमध्ये मोठ्याने वाचला गेला. त्यात मी लिहिलं होतं, "वी सजेस्ट यू टु रिलीज द कंटेनर." लोक हसले. मी विचारलं, यात चुकलं काय? चुकलंय हे सगळ्यांना कळत होतं, का चुकलंय ते एकालाही सांगता आलं नाही. "असं म्हणत नाहीत," एवढंच. मग "वी रिक्वेस्ट यू टु रिलीज" कसं चालतं? "वी ॲडव्हाइज यू टु रिलीज" कसं चालतं? वाक्याची ठेवण तीच, अर्थही शेजारशेजारचे. हा प्रश्न मी वर्षभर डोक्यात घेऊन फिरत होते.

त्याचं उत्तर या डिक्शनरीत आहे. बऱ्याच डिक्शनऱ्या शब्दाचा अर्थ सांगून थांबतात. हॉर्नबींनी इंग्रजी क्रियापदांचे 25 साचे ठरवले आहेत आणि प्रत्येक क्रियापदापुढे त्याला कोणते साचे चालतात त्यांचे नंबर दिले आहेत. साच्यांचा खुलासा सुरुवातीच्या पानांत आहे. 17 नंबरचा साचा असा: क्रियापद, मग माणूस, मग टु लावलेलं दुसरं क्रियापद. वाँट हिम टु कम, आस्क हर टु वेट. वाँट, आस्क, टेल, रिक्वेस्ट, ॲडव्हाइज, अलाव यांना 17 चालतो. सजेस्टला चालत नाही. सजेस्टपुढे दॅट घेऊन पूर्ण वाक्य येतं, नाहीतर आयएनजीचं रूप: वी सजेस्ट दॅट यू रिलीज इट, वी सजेस्ट रिलीजिंग इट. होपलाही 17 नाही. आय होप टु कम चालेल, आय होप यू टु कम नाही. क्रियापदाच्या मागून कोण येणार ते क्रियापद स्वतः ठरवतं. अर्थ सारखा असला म्हणून सोबतही सारखी मिळेल असं नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी या 17 वरच घालवला, कारण इथे मला माझी मराठी सापडली. "मी त्याला यायला सांगितलं." त्याला, यायला. हिम, टु कम. येणारा माणूस तो आहे, तरी आपण "तो" म्हणत नाही, "त्याला" म्हणतो. इंग्रजीतही "ही" नाही, "हिम". आणि पुढे बघा. "त्याला जाऊ दे." इथे जायला नाही, नुसतं जाऊ. इंग्रजीतही लेट हिम गो, टु गळलेला. हा 18 वा साचा. पण त्याच 18 मध्ये मेकही बसतो, मेड हिम गो, आणि आपण मात्र "जायला लावलं" म्हणतो. म्हणून आपल्याकडून हमखास "मेड हिम टु गो" होतं. गंमत अशी की तेच वाक्य कर्मणी केलं की टु परत येतो: ही वॉज मेड टु गो. कुठे आपली भाषा हात देते आणि कुठे पाय घसरवते, ते इतकं नेमकं मला कधी कुणी दाखवलं नव्हतं.

घसरण्याची मोठी जागा म्हणजे आपला "मला". मला दे, मला सांग, मला समजाव, मला सुचव. मराठीत चारही एका रांगेत. इंग्रजीत गिव्ह मी आणि टेल मी हा 12 वा साचा, एक्स्प्लेन आणि सजेस्ट त्यात बसतच नाहीत. त्यांना माणसाआधी टु लागतो, एक्स्प्लेन इट टु मी. "प्लीज एक्स्प्लेन मी द डिले" हे मी किती वर्षं लिहीत आले! तसंच "च्याविषयी चर्चा"मुळे डिस्कस अबाउट, "त्याच्याशी लग्न"मुळे मॅरीड विथ असं चुकतं. उलट "त्याची वाट बघ", "गाणं ऐक" यात आपल्याला शब्दयोगी अव्यय लागत नाही, तर वेट फॉर आणि लिसन टु यांतला मधला शब्द आपण खातो.

15 नंबरने फोनवरचं बोलणं सुधारलं. पिक अप द डॉक्युमेंट्स चालतं, पिक द डॉक्युमेंट्स अपही चालतं. पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसलं पाहिजे: पिक देम अप. पिक अप देम नाही. फिल इट इन, सेंड इट बॅक, सगळी तशीच.

आणि मेलच्या शेवटी आपण सगळेच लिहितो ते लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू. यातला टु हा "भेटायला"मधला टु नाहीच, तो टु द मीटिंगमधला टु आहे. म्हणून पुढे मीटिंग यू. हे कळल्यापासून मी ऑफिसातल्या तिघींना कागदावर लिहून दिलं.

हॉर्नबी 1924 मध्ये जपानला शिकवायला गेले. तिथे इंग्रजी कसं शिकवावं याचे अभ्यासक हॅरल्ड पामर यांच्याबरोबर काम केलं, आणि गेटनबी व वेकफील्ड यांना सोबत घेऊन हा कोश रचला. तो पहिल्यांदा टोकियोत छापला गेला 1942 मध्ये, महायुद्ध चालू असताना. ऑक्सफर्डने काढला तो 1948 मध्ये. जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी येतं आणि नामाच्या मागे आपल्या ला-शी-ने सारखे शब्द लागतात. म्हणजे ज्यांची भाषा आपल्यासारखी वळते अशा मुलांच्या चुका पाहून हे पुस्तक उभं राहिलं. लालबागच्या बाईला ते इतकं जवळचं का वाटतं, ते मला इथे समजलं.

त्रास आहेत. अक्षर बारीक, माझ्या चष्म्यालाही जड जातं. नंबर पाठ होईपर्यंत दर वेळी पुढची पानं उलटावी लागतात, महिनाभर चिडचिड होते. करी रोडच्या गर्दीत हे धूड काढून वाचणं अशक्य, म्हणून मी रात्री दहा क्रियापदं वहीत उतरवते आणि सीएसएमटीपर्यंत वही वाचते. नवीन शब्दांसाठी अर्थातच उपयोग नाही.

कॉलेजच्या मुलांनी मात्र नवी आवृत्ती घ्यावी. 1989 च्या चौथ्या आवृत्तीत नंबर जाऊन अक्षरांच्या खुणा आल्या, आणि आता तर साचा सरळ शब्दांत लिहिलेला असतो. माझ्या भाच्याला मी नवीच घेऊन दिली. "मावशी, यात पाठ काय करायचं?" म्हणाला. मी म्हटलं, रिमेंबर काढ. रिमेंबर टु लॉक म्हणजे कुलूप लावायचं लक्षात ठेवणं, रिमेंबर लॉकिंग म्हणजे कुलूप लावल्याचं आठवणं. मराठीत दोन्ही वेगळी आहेत, तुला आधीच येतात. तो बराच वेळ पान बघत बसला.

मला स्वतःला नंबरचीच आवडते. एका नंबरखाली वीस क्रियापदं वहीत एकत्र दिसतात, ते सुख नव्या आवृत्तीत नाही. एम अक्षराची दोन पानं तेवढी खटकतात. मागच्या शनिवारी पुन्हा फाउंटनला गेले होते. त्या पुस्तकवाल्याला दुसरी प्रत आली तर बाजूला ठेवायला सांगितलं आहे.